तिरक्या सुळ्याची म्हातारी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही जातो. पण हे एकदा सांगून टाकतो...

साठ सालच्या आसपास मी उस्मानाबादला सरकारी दवाखान्यात कारकून होतो. उन्हाळ्यात कळंबकडच्या एका विहिरीचा गाळ काढताना माणसाचा खालचा जबडा सापडला, तो तपासायला आमच्याकडे आला. विहीर मारुतीची, आणि तिशीतला मारुती चार वर्षांपूर्वी भांडून परागंदा झालेला. भावकीनं ठरवूनच टाकलं, हा त्याचाच. आता त्याच्या बायकोनं, गोजरानं, कुंकू पुसावं म्हणून तगादा. डॉक्टर सांगतील तेव्हा बघू, असं म्हणून ती दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली.

आमचे डॉक्टर पुण्याचे. दातांची झीज बघून म्हणाले, माणूस पन्नाशीपुढचा. गोजराचा चेहरा खुलला. तेवढ्यात तिच्या दिरानं स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. "साहेब, जातं छिन्नीनं टाकलं की पिठात दगडाची कच येती. आमचे समद्यांचेच दात तिशीत असे झिजत्यात." डॉक्टरांनी जबडा परत टेबलावर ठेवला.

भर दुपारी मी ओट्याजवळच्या रांजणावर पाणी प्यायला गेलो. तिथं एक म्हातारी बसली होती. मिसरीनं काळे दात, खालचा एक सुळा तिरका फिरलेला.

"झिजंवर नका जाऊ बाबा," ती हसून म्हणाली, "सुळा मोजा. बाईचा बारीक असतो."

कुणा पेशंटची असेल म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं. पुस्तकात तेच आहे, आपण विसरलोच, असं म्हणत त्यांनी मापाचा चिमटा काढला. जबडा मी धरला... आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. सुळा तिरका होता!

डॉक्टरांनी तीनदा मोजलं, मग दिराचाही सुळा मोजला. तो चांगलाच रुंद. शपथेवर नाही सांगता येणार, पण हा जबडा बाईचा वाटतो, मारुतीचा म्हणून मी लिहिणार नाही, असं ते म्हणाले. गोजरा रडता रडता हसायला लागली.

दिवाळीत मारुती हैदराबादहून धडधाकट परतला. दोघं पेढे घेऊन आली, तेव्हा डॉक्टरांनी हौसेनं त्याचाही सुळा मोजला. दवाखाना हसून लोटपोट.

म्हातारीचं मी फक्त गोजराला सांगितलं. ओट्यावरच्या कुणीच तिला पाहिलं नव्हतं. ती कोण, विहिरीत कशी, मला आजवर उलगडलेलं नाही. गोजराला मात्र उलगडा नकोच होता.

"हसत होती का भाऊ?" तिनं एवढंच विचारलं.

हो म्हणालो. तेव्हापासून दर दिवाळीला ती विहिरीच्या काठावर हळदकुंकू वाहायची, आणि शेजारी चिमूटभर मिसरी ठेवायची.