बर्फाच्या देशाचं बजेट आणि आमचं चार पानी दैनिक

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. हळदीच्या हंगामात वसमतच्या बाजारातून नुसतं चालत गेलं तरी कपडे पिवळे होतात, तसे ते अंगावर बसत जातात. नव्वदच्या दशकात मी हिंगोलीत एका चार पानी दैनिकात उपसंपादक होतो. माझ्या अंगावर बसलेले किस्से बहुतेक परदेशी मदतीच्या बातम्यांचेच आहेत!

*

कुठल्यातरी देशानं बजेटात गरीब देशांसाठी मदत ठेवली, असं रेडिओवर ऐकलं की आमचे संपादक नाना विचारायचे, “त्यात आपलं सेनगाव कुठं हाय?”

नसायचंच. मग मथळा व्हायचा, ‘सेनगावला परदेशी मदत?’ एकदा तो वाचून सेनगावचे आठ-दहा जण जीप करून थेट ऑफिसात आले, हातात रिकाम्या पिशव्या. “मदत कुठं वाटून राहिले?”

नाना शांतपणे म्हणाले, “प्रश्नचिन्ह बघितलं न्हाई का?”

*

आमच्याकडं गोऱ्या साहेबाच्या फोटोचा एकच ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, होता. कुठल्याही देशाचा अर्थमंत्री असो, तोच छापायचा. एका मास्तरांनी येऊन विचारलं, “हा माणूस चार देशांचा अर्थमंत्री कसा?”

“हुशार हाय,” नाना म्हणाले, “समदे बोलावून राहिले त्याला!”

*

या बातम्यांची खरी वाट बघायच्या त्या एकट्या सुशीलाबाई. सेनगावजवळच्या तांड्यावर त्या चार वर्षांपासून बालवाडी चालवायच्या. लेकरांची खिचडी आणि बाईंचा पगार उत्तरेकडच्या एका थंड देशाच्या मदतीतून यायचा. दर शनिवारी त्या एसटीनं यायच्या. “भाऊ, आमच्या देशाचं काय?” एवढं विचारून भिंतीवरच्या नकाशातला तो फिकट निळा देश बघत बसायच्या.

बालवाडीतल्या एका पोरीनं त्यांना विचारलं होतं, “बाई, तिथं बर्फ पडतो, मग तिथली लेकरं आंघोळ कवा करतेत?”

तेव्हापासून दुपारी पंख्याखाली माझे डोळे मिटले की तांड्यावर बर्फ पडताना दिसायचा. कुडाच्या भिंतींवर, शेरडांच्या पाठीवर, अगदी अलगद, आवाज न करता. फार बरं वाटायचं. मग नाना हाक मारायचे.

*

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या पुंडलिकचा एक नेम होता. जागा कमी पडली की बातमीची शेपटी कापायची. “बातमीचा जीव वरच्या ओळीत अस्तो, भाऊ!”

एका पावसाळ्यात त्या थंड देशानं मदतीच्या बजेटात कपात केली. मी पाच ओळी लिहिल्या. शेवटची होती, ‘चालू बालवाड्यांना ही कपात लागू नाही.’ तेवढ्यात ट्रॅक्टरची जाहिरात आली आणि पुंडलिकनं शेपटी कापली.

सकाळी पेपर बघून मी तसाच नानांकडं धावलो. “उद्या खुलासा छापू की,” नाना म्हणाले. पण दुसऱ्या दिवशीही जाहिरातच आली.

*

त्या शनिवारी सुशीलाबाई आल्या नाहीत. पुढच्याही शनिवारी नाहीत. बालवाडी मीच बंद पाडली असं वाटून मला जेवण जाईना. शेवटी ती कापलेली ओळ कागदावर लिहून खिशात घातली आणि सेनगावची जीप पकडली. तिथून तांड्यापर्यंत चालत गेलो.

बालवाडी चालू होती! तांड्याचे नाईक, ज्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, ते स्वतः अंगण झाडत होते. चुलीवर खिचडी रटरटत होती. कपातीची बातमी पेपरात वाचून, मदत बंदच झाली असं धरून घराघरातून मूठ-मूठ धान्य आलं होतं, आणि रांधायला बायकांनी पाळ्या लावल्या होत्या.

मी बाईंना बाजूला घेतलं. “चूक आमची आहे, बाई. तुमची मदत चालूच राहणार आहे. उद्याच पहिल्या पानावर छापतो.”

त्यांनी कागद दोनदा वाचला. डोळे भरून आले त्यांचे. मग त्यांनी झाडणाऱ्या नाईकांकडं बघितलं, कागदाची बारीक घडी केली आणि पदराच्या गाठीत बांधली.

“भाऊ,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “चार वर्षांत हे लोक पहिल्यांदाच दारात येऊन राहिले. सुगीला तर सगळे रानात जातीलच. एवढं सोयाबीन निघेपर्यंत छापू नका!”