सतरा नंबरचा दांडा

रेल्वेच्या इंजिन शेडमधल्या मिस्त्रींच्या पोटात दुखत होतं, ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. दुखण्याचं कारण त्यांचा साडू होता. तो इंजिन ड्रायव्हर, आणि सतरा नंबरच्या अखेरच्या फेरीला गुच्छ, फोटो, साहेबांचं भाषण असं सगळं त्याच्याच वाट्याला येणार होतं.

सतरा नंबर म्हणजे ‘बुटक्या’ जातीचं शेवटचं डिझेल इंजिन. असे चाळीस बुटके शेडमध्ये आले होते. त्यांनी मालगाड्या ओढल्या, मग प्रवासी गाड्या ओढल्या, म्हातारपणी यार्डात डबे इकडचे तिकडे केले आणि एकेक करत भंगारात गेले. चाळिसांच्याही पोटात मिस्त्रींनी कोपरापर्यंत हात घातलेले. साडूने काय केलं? खिडकीत कोपर टेकून भोंगा वाजवला. तरी सासरी कौतुक त्याचंच. सतरा नंबर आपलं बोट ओळखतं, असं तो सासूबाईंना सांगायचा आणि त्या डोळे मोठे करून ऐकायच्या. मिस्त्रींना त्या नळ गळतोय, एवढंच सांगायच्या.

बोट कुणाचं ओळखतं, ते मिस्त्रींना माहीत होतं. सतराचा डिझेल सोडणारा दांडा अकरा वर्षं अडकत होता. ड्रायव्हरने वर बटण दाबलं की बाजूच्या दारातून कुणालातरी तो अंगठ्याने रेटावा लागे, नाहीतर इंजिन नुसतं खोकायचं. एकदा सुरू झालं की शेडमध्ये परतेपर्यंत बंद करत नसत, म्हणून बाहेर कुणाला पत्ता नव्हता. बिघाड वहीत लिहिणं मिस्त्रींचं काम. त्यांनी तो मुद्दाम लिहिला नाही, आणि अकरा वर्षं रजाही घेतली नाही. बायकोला वाटे, माणूस कामसू आहे.

त्या सकाळी त्यांनी पहिली रजा टाकली. होऊ दे चार लोकांत शोभा, असं मनाशी म्हणत चहा घेऊन दारात बसले. शेड भिंतीपलीकडेच होती.

दहाला घरघर ऐकू आली, मग खोकला, मग शांत. मिस्त्रींनी घोट चवीने घेतला. दुसरी घरघर बारीक निघाली. बॅटरी बसत चालली होती. आता साडूचं नाक खाली होणार, हे खरं. पण सतराला नवं इंजिन लावून ओढत नेतील, तेही भर फोटोत, हे त्यांच्या डोक्यात आत्ता आलं. कप तिथेच ठेवून ते घरच्या चपलांवर पळत सुटले.

गर्दीच्या मागून जाऊन त्यांनी इंजिनाचं दार उघडलं, दांडा रेटला आणि ओरडले, “दाब आता!”

सतराने काळा धूर ओकला आणि ते धडधडायला लागलं. टाळ्या पडल्या त्या अर्थातच खिडकीतल्याला.

साडू गुच्छासकट खाली उतरला, दाराशी आला आणि हळूच म्हणाला, “दादा, हे कधीपासून?”

“अकरा वर्षं झाली.”

“म्हणजे मी दर वेळी...”

“तू बटण दाबायचास. छान दाबायचास.”

साडूने इंजिनाकडे असं पाहिलं, की जणू ते परक्याबरोबर फिरताना सापडलं होतं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, “सासूबाईंच्या कानावर नका घालू.”

“आधी गाडी सोड,” मिस्त्री म्हणाले. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग घर डावीकडे ठेवून सासुरवाडीच्या रस्त्याला लागले.