काम झालं का?

वारसनोंदीसाठी मी वर्षभर शेवगावहून नगरला हेलपाटे घातले. दर वेळी जेवलो ते मात्र कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांच्या सांगण्यावरून. कुठं जेवावं असं विचारलं, की चष्मा कपाळावर सरकवून ते आधी विचारायचे, "काम झालं का?"

झालं असेल तर माळीवाड्यातली मटणाची खानावळ. नसेल तर चितळे रोडला दहीभात. "तापल्या डोक्यानं रस्सा खाऊ न्हाई," ते सांगायचे. "पोटानं तुमचं काय बिघडवलंय?" मग बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर ते पेनानं रस्ता काढून द्यायचे. त्यात गल्ल्या कमी आणि पानटपऱ्या जास्त असायच्या.

माझा वर्षभर दहीभातच चालला. दुसऱ्या कुणाला माळीवाड्याचा कागद मिळाला, की मला त्याच्या निकालापेक्षा त्या कागदाचाच हेवा वाटायचा.

परवा एकदाचा नवा सातबारा हातात पडला. दुकानात शिरता शिरताच मी म्हणालो, "झालं काम. काढा माळीवाडा."

काका खुशीत हसले. एका हातानं प्रत काढत, दुसऱ्या हातानं त्यांनी रस्ता काढायला घेतला. प्रत बाहेर आली तसा चष्मा कपाळावरून खाली आला. उताऱ्यावर माझं नाव लागलं होतं. वडिलांचं नाव, गेलेल्या माणसाचं जातं तसं, कमी होऊन कंसात गेलं होतं.

काकांनी अर्धा झालेला रस्ता खोडला आणि दुसरा काढला.

"आज हितं जावा. साधा वरणभात हाय, पन मावशी न विचारता वाढत्यात. मटन काय, उद्या बी असतंय."