घरमालकांचं फडताळ

जपान, कोरिया आणि थायलंड एकाच फडताळात गुण्यागोविंदानं नांदताना पाहायचे असतील, तर बदनापूरला आमच्या घरमालकांच्या स्वयंपाकघरातच जावं लागेल. मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मालक खाली एकटेच. नवीन जालन्यात बियाण्यांच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेले, पण घरात हळदीचा डबा शोधून सापडला नसता. त्याच्या जागी सोया सॉसच्या दोन बाटल्या, तांदळाचं व्हिनेगर, वाळवलेले मशरूम आणि समुद्री शेवाळाचे हिरवे कागद. हे शेवाळ पहिल्यांदा कुरिअरनं आलं तेव्हा त्यांनी मला खाली बोलावून वास घ्यायला लावला. "तळ्याचा वास येऊन राह्यला ना? मंग बराबर माल आलाय." तिळाच्या तेलाची बाटली मात्र वाटेत फुटली, म्हणून ते बाजारात गेले. दुकानदारानं विचारलं, "शनीला वाहायचंय का?" मालक म्हणाले, "न्हाई, मला खायचंय." त्या दिवसापासून दुकानदार त्यांच्याशी जरा जपूनच बोलायचा.

कोरियन मिरचीवर त्यांचा विश्वास नव्हता. "दिसायलाच लाल हाय, ठसका बिलकुल न्हाई," असं म्हणत ते तिच्या पेस्टमध्ये भोकरदनची मिरची कुटून घालत. नूडल्स शिजल्या की जिन्याखालून हाक यायची, "जेवलात का?" मी जेवलेलो असलो तरी नाही म्हणायचो, कारण ताटं त्यांनी आधीच दोन मांडलेली असत. मग आम्ही समोरासमोर बसून नाकडोळे पुसत खायचो. एकदा मी विचारलंच, "काका, साधं वरण का नाही करत कधी?"

ते कढईतलं परतता परतता थांबले. "ही गेल्यावर केल्ती आमटी, येसराचा मसाला घालून. सगळं तिच्यासारखंच टाकलं. पहिल्या घासाला कळलं, तिची न्हाई. पुढं खाताच आली न्हाई. याचं बरं हाय. असलं तिनं कधी केलंच न्हाई. मंग चुकलं का जमलं, कोण सांगणार?" एवढं बोलून त्यांनी गॅस मोठा केला.

पुढं हिवाळ्यात वाटूरहून माझी आई राहायला आली. खालचा माणूस एकटा आहे, एवढंच तिला ठाऊक. तिनं येसराची आमटी केली आणि मी ऑफिसात असताना वाडगं भरून खाली देऊन आली. "भला माणूस हाय," मला म्हणाली. "दोन्ही हातांनी घेतलं." त्या संध्याकाळी खालून हाक आली नाही. फोडणीचा वासही आला नाही.

सकाळी मालक जिना चढून वर आले. वाडगं रिकामं परत द्यायचं नाही म्हणून त्यात नूडल्स होत्या. "ताई, आमटी लई चांगली झाल्ती. सगळी खाल्ली," ते आईला म्हणाले. मग जमिनीकडे बघत, "पुन्हा मात्र देऊ नका."

ते गेल्यावर आईनं वाडगं पुढ्यात घेतलं. जन्मात पहिल्यांदाच ती नूडल्स खात होती. ठसका लागला, पाणी प्यायली, पुन्हा खाऊ लागली.

"राहू दे आई, नको खाऊस," मी म्हटलं.

"टाकू कसं?" ती म्हणाली. "सकाळी उठून एकट्यानं केलंय त्यांनी."