बारालाचाच्या अलीकडे

जबलपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात हमाल माझ्या मोटरसायकलला गोणपाट गुंडाळत होते, आणि माझी बायको वंदना बाजूच्या बाकावर बसून मला पाहत होती. मी दर दोन मिनिटांनी "भैया, सँभाल के" म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "पोरीची पाठवणी करून राहिले का हो? रडू नका फक्त."

रेल्वे भरल्या टाकीची गाडी घेत नाही, म्हणून पेट्रोल काढून टाकलं होतं आणि आरसे सोडवून माझ्या पिशवीत ठेवले होते. अठरा वर्षांची ही गाडी. निवृत्त झालो की हिला हिमालयात न्यायचं, हे मी जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता न जाण्याची सोयच उरली नव्हती. बेत असा होता: दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून गाडीवर मनाली, आणि पुढे एकामागून एक खिंडी ओलांडत लेह. कारखान्यात माझी सगळी नोकरी मापं तपासण्यात गेली, त्यामुळे प्रवासाचीही वही केली होती. कुठे पेट्रोल मिळेल, कोणती खिंड किती उंच, कुठे मुक्काम, सगळं आखलेलं. वंदनाने ती वही एकदा चाळली, एका पानाशी जरा थांबली आणि परत दिली. मला वाटलं, तिला माझं अक्षर लागलं नाही.

जूनचं जबलपूर अंगात घेऊनच आम्ही मनालीला पोचलो. मनालीच्या पुढे डोंगरातून काढलेल्या लांब बोगद्यात शिरताना दोन्ही बाजूंना देवदार होते. बोगदा संपला आणि झाडंच संपली. समोर लाहौलचं खोरं होतं, उघडं, तपकिरी, आणि त्याच्या तळाशी नदीकाठाने वाटाण्याची हिरवीगार शेतं. डोंगरावरून बर्फाचं पाणी पांढऱ्या रेघांनी खाली येत होतं. मी गाडी थांबवली. वंदना उतरली, हेल्मेट काढून हातात धरलं आणि चहूकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडे नर्मदा सांगते कुठं पाहायचं ते. इथं तर कुठं पाहावं तेच कळत नाही."

याच खोऱ्यातल्या केलाँग गावी दोन रात्री राहिलो, म्हणजे विरळ हवेची सवय व्हावी. पहिल्या दिवशी बाजाराचा चढ चढतानाच मला धाप लागली. वंदना मात्र तुरुतुरु पुढे. एका घरात आम्हाला सिड्डू (वाफवलेली, आत सारण भरलेली जाड रोटी) तुपात बुडवून खायला मिळाली. "पुरणाच्या दिंडांसारखं आहे, फक्त गोड करायचं विसरले," असा वंदनाने निकाल दिला आणि दुसरी मागितली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने पराठ्याला हात लावला नाही. पोट बरं नाही म्हणाली, नुसतं गरम पाणी प्यायली. मी तिच्या ताटातला पराठाही खाल्ला. हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण नंतर ते मला फार बोचलं.

दारचा नावाच्या गावाचा पूल ओलांडला की खरा चढ सुरू होतो. रस्ता वळणावळणाने डोंगरावर चढत जातो, आणि या वळणांना मधूनच कापत मेंढपाळांच्या सरळ पायवाटा वर जातात. दीपकताल हे हिरव्या पाण्याचं छोटं तळं गेलं, आणि माझ्या गाडीने मान टाकली. विरळ हवेत इंजिन दमतं, हे वहीत लिहिलेलं होतं. दोन माणसं आणि सामान घेऊन उभ्या चढावर ते अजिबात ओढत नाही, हे लिहायचं राहिलं होतं. पहिल्या गिअरमध्येही गाडी थरथरत बंद पडू लागली.

"मी उतरते," वंदना म्हणाली. "तुम्ही वळणानं या, मी पायवाटेनं येते."

असं आम्ही तीन वळणं केलं. मी गाडी रेटत वर जाऊन थांबायचो, आणि खालून तिची लाल शाल हळूहळू वर येताना दिसायची. बाजूला रस्त्यासाठी कापलेल्या बर्फाच्या भिंती होत्या, त्यांच्या पायथ्याशी पिवळी बारीक फुलं. मी आरामात फोटो काढत होतो. चौथ्या वळणावर मी थांबलो, तर शाल वर येईना. मग दिसली, एका दगडापाशी बसलेली. मी धावत खाली गेलो, म्हणजे धावायचा प्रयत्न केला. तिचे ओठ कोरडे पडले होते, डोकं दोन्ही हातांत धरलेलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि बाजूला वळून ओकली. पोटातून पाणीच पडलं.

झिंगझिंगबार तिथून जवळच होतं. रस्त्याकडेला चार-पाच तंबूंचे ढाबे, एवढंच ते ठिकाण. रस्त्याचं काम करणाऱ्या एका टेम्पोवाल्याने तिला तिथे पोचवलं, मागोमाग मी गाडी ओढत पोचलो. ढाबेवालीचं नाव पद्मा. माझ्याच वयाची असावी. तिने वंदनाला गाद्यांच्या ओट्यावर बसवलं, अंगावर दोन रजया घातल्या आणि मला थेट विचारलं, "सुबह से क्या खाया इन्होंने?"

"पेट खराब था, कुछ नहीं खाया."

"पेट खराब नहीं है," डोळे मिटूनच वंदना म्हणाली. "उपवास है."

मला काही समजेना. "उपास? काहून?"

"आज संकष्टी आहे हो."

माझ्या वहीत उंच्या होत्या, पंप होते, तिथी नव्हती. वंदना संकष्टी करते हे मला ठाऊक होतं. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही, हेही ठाऊक होतं. ती वही चाळताना कुठल्या पानाशी थांबली होती, ते मला आत्ता कळलं.

"यहाँ उपवास नहीं चलता," पद्मा म्हणाली. "ऊपर हवा नहीं, पेट में खाना नहीं, तो आदमी किस पे चलेगा? थुक्पा देती हूँ. खाओ, फिर नीचे जाओ." थुक्पा म्हणजे शेवया आणि भाज्यांचं गरम पातळ सूप.

वंदनाने मान हलवली. नको.

मी चिडलो. चिडलो म्हणजे घाबरलो होतो. "एक महिना नाही केला उपास तर गणपती काय करणार आहे?"

"त्याला काय करायचं आहे? मी म्हटलं होतं त्याला."

"काय म्हटलं होतं?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पनागरच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली होती ना तुम्हाला. तुम्ही आठ दिवस डोळे उघडत नव्हते. तेव्हा म्हटलं होतं. हा माणूस काही गाडी सोडणार नाही. हे गाडी चालवतील तोवर मी चतुर्थी नुसत्या पाण्यावर करीन, तू यांना सांभाळ." आणि मग रजईतून हात काढून तंबूबाहेरच्या चढाकडे दाखवून म्हणाली, "आज कशी मोडू? आज तर सगळ्यात जास्त लागते."

अकरा वर्षं झाली त्या अपघाताला. या अकरा वर्षांत मी गाडीला दोन टायर, एक चेन आणि नवी सीट घातली. तिची चतुर्थी मी घरातली एक रीत समजत होतो.

पुढे बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) अगदी जवळ होती, आणि आकाश निरभ्र होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही माझी नजर एकदा तिकडे गेली. मग मी बाहेर जाऊन गाडी तंबूला लागून उभी केली, किल्ली काढली आणि वंदनाच्या हातात ठेवली.

"आज मी गाडी चालवत नाही. आता खा."

"सकाळपासून तर चालवली ना," ती म्हणाली. एवढी आजारी असून हिशेबात पक्की.

"सकाळचं तू पाण्यावर भरलंस. इथून पुढे गाडीच नाही, तर उपास कशाचा?"

तिने किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लेहचा बेत आता कोलमडणार, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. तिने मूठ मिटली आणि पद्माकडे वळली. "दीदी, इसमें प्याज तो नहीं है?"

पद्मा हसायलाच लागली. "बिना प्याज का थुक्पा मैंने जिंदगी में नहीं बनाया." पण तिने बनवलं. वेगळ्या भांड्यात, नुसता पालक आणि मीठ घालून. वंदना अर्धी वाटी प्यायली, थांबली, मग उरलेलीही प्यायली. मी तिच्यासमोर बसून रडलो. पद्माने ते पाहिलं नाही असं दाखवलं, आणि केलाँगकडे परतणाऱ्या एका जीपला हात केला.

वाटेतल्या जिस्पा गावी नदीकाठी उतरलो. खाली आल्यावर संध्याकाळपर्यंत तिचं डोकं दुखायचं थांबलं. दुसरा पूर्ण दिवस आम्ही काही केलं नाही. विलोच्या झाडांखाली खाटा टाकून पडलो, वरणभात खाल्ला, नदी ऐकली. ती झोपली असताना मी वहीतली पुढची पानं फाडली. बेतात जास्तीचे धरलेले दिवस संपले होते.

त्यापुढच्या दिवशी भरपेट जेवून, जीपने वर जाऊन गाडी घेतली. पद्माने विचारलं, "आज तो कोई उपवास नहीं?" वंदनाने सांगितलं की आज तिने दुप्पट खाल्लं आहे. सूरजताल अर्धं गोठलेलं होतं, काठाशी निळं पाणी आणि मध्ये राखाडी बर्फ. शेवटच्या चढावर गाडी पुन्हा दमली, तेव्हा या वेळी दोघंही उतरलो आणि ती ढकलत, दर वीस पावलांवर थांबत, खिंडीत चालत पोचलो. वर प्रार्थनेच्या पताका फडफडत होत्या, वारा कानात मावत नव्हता. पाहण्यासारखं सगळीकडेच होतं. मी दहा मिनिटांत परत वळण्याची घाई केली, तर वंदनाच म्हणाली, "थांबा हो. एवढ्या वर आलो तर बसू तरी."

जबलपूरला परतल्यावर बाजारात सगळ्यांनी विचारलं, "लेह हो आए?" मी सांगतो, नाही, एकच खिंड झाली. ते जरा हिरमुसतात. मला त्यांचं समाधान करता येत नाही. डोंगरात मी काय पाहिलं म्हणून कुणी विचारलं, तर मी बर्फ आणि तळी सांगतो. पण मी तिथे मुख्यतः एका माणसाला पाहून आलो, जिच्याबरोबर मी एकतीस वर्षं राहतो आहे.

नवस सोड असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, मग तुम्ही गाडी सोडा. दोघंही काही सोडणाऱ्यातले नाही. म्हणून झिंगझिंगबारला जे ठरलं तेच चालू ठेवलं. महिन्यातून एकदा, संकष्टीच्या सकाळी मी किल्ली तिच्या हातात देतो आणि शहरात ओमती भागात काही काम निघालं तर पायी जातो.

पहिल्या चतुर्थीला मी दुपारी जेवायला बसलो. तिने मला वाढलं आणि सवयीने आत निघाली. दारापर्यंत गेली, थांबली, आणि दुसरं ताट घेऊन आली. "सरका जरा," म्हणाली. अकरा वर्षं त्या दिवशी मी एकटा जेवत होतो, आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं.