कस्तुराच्या ताटातलं

ज्ञानदेवभाऊ गेले तेव्हा आमच्या चाळीतल्या बायकांनी एकच प्रश्न चघळून चघळून त्याचा चोथा केला. नवरा असा वाळून गेला आणि बायको कशी ठणठणीत? एक बाई ब्लाउजचं माप द्यायला माझ्याकडे आली आणि मी टेप लावत असतानाच म्हणाली, "हिनं नीट बघितलं नसणार त्याच्याकडं." मी तिचं कापड तिच्या हातात परत दिलं आणि दुसरीकडे शिवून घ्या म्हटलं. मी अशीच फटकळ आहे, सगळ्या थेरगावला माहीत आहे.

कस्तुरा माझी शेजारीण. मधे एक भिंत, तीही अर्ध्या विटेची. तिला विचारूनच हे लिहितेय. नावं तेवढी बदलली आहेत, कारण तिला अजून इथेच राहायचंय.

डांगे चौकाजवळच्या एका मेसमध्ये ती चपात्या लाटते. चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं तिथे जेवतात. ज्ञानदेवभाऊ आधी ट्रेलरवर ड्रायव्हर होते, नव्या कोऱ्या गाड्या भरून पार लांबच्या राज्यांत न्यायचे. नंतर म्हाळुंग्याच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागले. एक मुलगी, सोनू, लग्न होऊन राजगुरुनगरला. बाहेरून बघणाऱ्याला चारचौघांसारखं घर.

सोनू शाळेत होती तेव्हा भाऊंना टीबी झाला आणि त्या तपासण्यांत एचआयव्ही निघाला. मग कस्तुराचं रक्त तपासलं, तिलाही निघाला. पोरीला नव्हता, एवढं एक बरं. भाऊंना सरकारी गोळ्या सुरू झाल्या आणि ते सावरले. कस्तुराचं मात्र विचित्रच झालं. तिच्या रक्तात विषाणू मोजायला गेलं की तो सापडायचाच नाही. एक गोळी पोटात गेलेली नसताना. डॉक्टरांना वाटलं नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तेच. फार थोड्या माणसांचं शरीर औषधाशिवाय या रोगाला असं दाबून ठेवतं, असं त्यांनी सांगितलं. रोग अंगात असतो, पण त्याला डोकं वर काढता येत नाही.

ट्रेलरच्या फेऱ्यांत भाऊंनी हे घरात आणलं, हे तिला कळलं होतं. तिला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. भांडण असं झालंच नाही, झालं असतं तर परवडलं असतं. ती त्यांना वाढायची आणि आपलं ताट घेऊन उंबऱ्यात, रस्त्याकडे तोंड करून बसायची. वर्षानुवर्षं हेच. एकदा तिला म्हटलं, किती दिवस असा अबोला धरणार गं? तर म्हणाली, "मला दुसरं काय बी नको, ताई. एकदा म्हणावं त्यांनी, चुकलं माझं. तेवढं म्हटलं की मी आत जाऊन बसते."

भाऊ तेवढं म्हणत नव्हते. पुरुषांची जीभ अशा वेळी कुठे जाते, देव जाणे. वाईट माणूस नव्हता तो. तिचं डोकं दुखलं तर न सांगता भांडी घासून ठेवायचे. पण ते दोन शब्द काही तोंडातून निघत नव्हते.

दोनेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका संशोधनाच्या दवाखान्यातून कस्तुराला बोलावणं आलं. डॉक्टर निरंजन म्हणून होते, पोरगेलेसे, बोलायला गोड. आता नियमानं सगळ्यांनाच गोळ्या सुरू करतात, तुम्हीही करा, पण त्याआधी तुमच्या आतड्याचा नमुना द्याल का, असं त्यांनी विचारलं. खालून नळी घालून आतड्याच्या अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढायचे. कस्तुरा म्हणाली, "कुणाच्या उपेगी पडलं तर पडू द्या." भाऊंची शिफ्ट होती, म्हणून सोबत मी गेले. रिपोर्ट समजावून घ्यायलाही मीच गेले.

डॉक्टरांनी चहा मागवला आणि सगळं नीट सांगितलं. हा विषाणू अंगात शिरला की सगळ्यात आधी आतडं लुटतो, कारण शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींची सगळ्यात मोठी वस्ती तिथेच असते. बहुतेकांचं आतडं पहिल्या काही आठवड्यांतच उजाड होतं आणि औषधं घेतली तरी पूर्वीसारखं भरत नाही. कस्तुराचं भरलेलं होतं. तिथल्या पेशी नुसत्या शिल्लक नव्हत्या, एकेक पेशी तीन-तीन कामं करत होती.

"पण कशानं असं?" कस्तुरानं विचारलं.

"काहींच्या जडणघडणीतच असतं," डॉक्टर म्हणाले. "नक्की कशामुळं ते आम्हाला पूर्ण कळलेलं नाही, म्हणून तर शोधतोय. आणि तुमच्या शरीराला ही लढाई रोज करावी लागतेय, ती फुकट नाही होत. गोळ्या सुरू करा." कस्तुरा बघू म्हणाली.

घरी आलो तर भाऊ पहिली शिफ्ट करून आले होते. कस्तुरानं त्यांना सगळं सांगितलं, माझ्यासमोर. माझ्या आतड्यात राखणदार हायेत म्हणाली. एवढी वाक्यं ती त्यांच्याशी एका दमात बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. भाऊंनी बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाले, "आतड्यात काय जातं? आपण खातो त्येच की." आम्ही दोघी हसलो.

त्यानंतर भाऊंनी मेसमधून येणारी पनीरची भाजी बंद केली. कस्तुरा जे खाते तेच मला वाढ, म्हणाले. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, सुकट, ताक. आणि एक दिवस त्यांनी जे केलं ते कस्तुरानं दुसऱ्या दिवशी कुजबुजत मला सांगितलं, लाजून लाल होत. ती उंबऱ्यात जेवत होती. भाऊ येऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "थोडं ठेव मला. तुझ्या ताटातलं."

हे काय आहे ते आमच्याकडच्या माणसाला पटकन कळणार नाही. साताऱ्याकडे आमच्यात बायकोनं नवऱ्याच्या ताटात जेवावं, त्यात काही विशेष नाही. पण भाऊंचं घर बौद्ध. दुसऱ्यांच्या दारचं उष्टं खायचं नाही, हे बाबासाहेबांचं सांगणं त्यांच्या आजोबांनी मनावर घेतलं, त्यापायी गावाशी वैर घेतलं आणि गाव सोडून कारखान्यात कामाला आले. भाऊंच्या आई गिरजाबाई तर इतक्या कडक की नातीनं अर्धं चावलेलं बिस्कीट आजीपुढे धरलं तरी त्या तोंड फिरवायच्या. त्या घरात कुणी कुणाचं उष्टं खाल्लेलं नव्हतं. अशा घरातला पुरुष बायकोचं उष्टं मागत होता.

"तोंडानं न्हाई म्हटले," कस्तुरा मला म्हणाली, "पण ह्ये त्येच की वो, ताई. चुकलं म्हणायचं आणखी काय ऱ्हायलं?"

ती उंबऱ्यातून उठून आत जेवायला बसू लागली. आधी ती जेवायची, मग ताट भाऊंकडे सरकवायची. ते दुसऱ्या शिफ्टला असले की ताट झाकून ठेवायची. मी भाऊंची टर उडवायची. काय भाऊ, आता पदर पण घेणार का डोक्यावरून? ते हसायचे, वरमायचे, पण ताट सोडायचे नाहीत. त्या दिवाळीला कस्तुरानं माझ्याकडून मोरपंखी रंगाचा ब्लाउज शिवून घेतला, गळ्याला नक्षीसकट. माझं मन भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी तिला हिशेबाबाहेरच्या दोन लेस लावून दिल्या.

पुढच्या वर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीत भाऊ नाचले नाहीत. पायरीवर बसून राहिले. ओव्हरटाइम फार होतोय म्हणाले. पाठोपाठ संध्याकाळचा ताप, मग खोकला. पँटला नवं भोक पाडलेला पट्टा. कस्तुरा म्हणायची दाखवून या, ते म्हणायचे दाखवलं, डॉक्टर म्हणाले हवा बदलल्यानं होतं. गोळ्या आणायला ते एकटेच जायचे, कामाच्या ठिकाणी कुणाला दिसू नयेत म्हणून दुसऱ्या डबीत भरून ठेवायचे, त्यामुळं त्यात काही कमीजास्त कुणाला दिसलं नाही. पावसाळा सरता सरता गोदामाच्या गेटवर ते कोसळले. टीबी मेंदूपर्यंत गेला होता.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, गोळ्या नियमित आहेत ना? भाऊंनी कस्तुराकडे पाहिलं, मग छताकडे. "बंद हायेत," म्हणाले. कधीपासून? "हिचा रिपोर्ट आला तवापासनं. वरसाची रक्ततपासणी आली की ड्युटी हाय म्हणून सांगायचो."

मग त्यांनी अडखळत सगळं सांगितलं. दह्याला विरजण लागतं. वाटीभर दह्यातलं चमचाभर घातलं की पातेलंभर दुधाचं दही होतं. हिच्या आतड्यात जे आहे ते हिच्या उष्ट्यातून थोडं थोडं आपल्या पोटात जाईल, तिथे धरेल, वाढेल. गोळ्यांनी ते मरायला नको म्हणून गोळ्या बंद केल्या. पहिले काही महिने बरंही वाटलं होतं. डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. असं देता आलं असतं तर आम्हीच सगळ्यांना दिलं असतं हो, एवढंच म्हणाल्या.

कस्तुरा पलंगाचा दांडा धरून उभी होती. एवढा सगळा काळ जे ती माफी म्हणून वाढत होती, ते औषध म्हणून खाल्लं जात होतं. बाई गेल्यावर तिनं विचारलं, "म्हंजी तुमी औषीद म्हणून मागितलंत?"

भाऊ म्हणाले, "पयल्यांदा व्हय." मग म्हणाले, "ताप याया लागला तवाच मला कळलं, धरलं न्हाई म्हणून. पण सांगितलं असतं तर तुला समजलं असतं कशापायी खातोय ते. तू परत उंबऱ्यात जाऊन बसली असतीस."

मी बाहेर निघून आले. कस्तुरानं नंतर सांगितलं, मी गेल्यावर भाऊ 'चुकलं माझं' असंही म्हणाले. कशाबद्दल, ते तिनं विचारलं नाही. त्यानंतर त्यांची शुद्ध हरपत गेली आणि त्यातच ते गेले. सोनू आली, पांढऱ्या साडीत कस्तुरा बसली, भन्तेजींनी त्रिशरण पंचशील दिलं. चाळीतल्या बायका तिच्या धडधाकट अंगाकडे बघत होत्या आणि मला त्या सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटत होतं.

आता कस्तुरा गोळ्या घेते. जिला त्यांची सगळ्यात कमी निकड होती ती बिनबोभाट, वेळ न चुकवता घेते. डॉक्टर निरंजन यांचा फोन आला होता, पुन्हा एकदा नमुना द्याल का म्हणून. ती हो म्हणाली, आणि मी सोबत जाणार आहे.

परवा दुपारी ती माझ्याकडे येऊन बसली. मी काज करत होते. एकदम म्हणाली, "ताई, त्यांनी मला फसवलं याचं मला काय न्हाई. माझंच मला खातंय. तुमाला म्हाईत न्हाई, मी दोन घास खायची न् हात आवरायची. भूक न्हाई म्हणायची. सुकटाचं, भाजीतलं चांगलं चांगलं बाजूला सारून ठेवायची. इतक्या वरसानं मागतायत तर पोटभर खाऊ दे म्हणायची. जेवढं जास्त ठेवलं तेवढा त्यांचा ह्या इलाजावर इस्वास बसत गेला."

मी सुई कापडात खोचली आणि तिच्याजवळ सरकून बसले. ती थोडा वेळ रडली. मग मेसची कणीक मळायची वेळ झाली म्हणून उठली आणि गेली.