शत्रुघ्नच्या नावावरच्या भेटी

सरोजिनी आखातात, शर्क भागातल्या एका दवाखान्यात बिलिंगला आहे. पेशंटला बघून आलेल्या माणसानं जे लिहिलं असेल ते वाचायचं, आजाराला एक कोड लावायचा, उपचाराला दुसरा, आणि दावा विमा कंपनीकडे धाडायचा. तिच्या वाट्याला मनाचं दुखणं आलंय. तेही फोनवरचं, व्हिडिओवरचं, नाहीतर पेशंटच्या घरी जाऊन बघितलेलं. उदासीला कोड आहे, धास्तीला आहे. समुपदेशन करणारी बाई समोर बसली होती की पडद्यावर दिसत होती, माणूस तेव्हा स्वतःच्या घरी होता की आणखी कुठे, यालासुद्धा कोड आहे. इतकी वर्षं हेच करतेय, पण पेशंट म्हणून एकही माणूस तिनं डोळ्यांनी बघितलेला नाही.

"नशीबवान आहेस," नवरा विश्वास म्हणतो. "मला माझी गँग रोज बघावी लागते." तो तेलाच्या प्लांटवर सुपरवायझर.

ती कुडाळजवळच्या पिंगुळीची. घरात मालवणी बोलायला गेली की लेक स्वरा "मम्मा, व्हॉट?" करते आणि विश्वास पडला पुण्याचा. त्यामुळे तिची बोली बरेच दिवस तोंडातच राहून गेलेली.

अशात तिच्याकडे शत्रुघ्नची फाइल परत आली. शत्रुघ्न अर्दियातल्या एका वर्कशॉपमधला वेल्डर, राहायला जलीबमध्ये, चार जणांबरोबर एका खोलीत. त्याचं जेवण तुटलं, बोलणं तुटलं. एकदा वेल्डिंगची पेटती गन हातात धरून नुसता उभा राहिला, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरनं समुपदेशन लिहून दिलं. तारा नावाची मल्याळी बाई आठवड्याला त्याच्या खोलीवर जायला लागली. आणि विमा कंपनीनं विचारलं होतं, पहिल्या दिवशीच्या माहितीत या माणसाचे वडील हयात आहेत, मग तिसऱ्या भेटीत तो वडील वारले म्हणून रडला कसा? आणि झोप सुधारली असं लिहिलंय, तर याची झोप बिघडल्याची तक्रार मुळात होती कुठे?

सरोजिनीनं फाइल दोनदा वाचली. तिलाही कळेना. तिनं ताराला गाठलं.

"मॅडम, वो नहीं रोया," तारा म्हणाली. "वो तो खाट पे बैठता है, चुप. रूपेश रोता है, उसका रूममेट. उसी की नींद ठीक हुई."

"तो आपने पेशंट क्यों लिखा?"

"फॉर्म में एक ही खाना है, पेशंट का. रूपेश को कहाँ लिखूँ?"

सरोजिनी फाइल घेऊन वरिष्ठाकडे गेली. झहूर, शांत माणूस, चहा फुंकत म्हणाला, "सरोजिनी जी, फोन करके पूछ लीजिए. बस एक बात, इलाज किसका हुआ? जवाब नहीं गया तो बाकी विज़िट बंद."

म्हणजे शत्रुघ्नच्या उरलेल्या भेटी आता तिच्या एका फोनवर होत्या. दवाखान्याला विचारून तिनं शुक्रवारी दुपारी घरूनच फोन लावला. सुट्टीचा दिवस, सगळे खोलीवर सापडतील.

"हॅलो, मैं क्लिनिक से बोल रही हूँ. शत्रुघ्न से बात..."

"हां मॅडम, बोलिए. मैं उसका भाई जैसा, रूपेश. वो अभी..." आणि लगेच मागे वळून ओरडला, "रे, त्या माशांखालचो गॅस बारीक कर! करपलो तर तुकाच खावचो लागतलो!"

सरोजिनीच्या तोंडून निघून गेलं, "कसले मासे?"

रूपेशची हिंदी तिथंच सुटली. मग, "तुमी खयच्या?"

"कुडाळची."

"अगो बाय माझे! आयकलास रे? दवाखान्यातली बाई कुडाळची! माहेर काय सासर?"

"माहेर. आता शत्रुघ्नाक देतास फोन?"

"तेका बोलूक जमणा नाय. काय व्हया ता माका विचारा. बाई येता तेवा मीच सांगतंय सगळा."

"ताच तर निस्तरतंय मी हंय बसान," सरोजिनी म्हणाली. "तेकाच द्या."

फोन हातातून हातात गेला. दार वाजलं. जिन्यावरचा घुमणारा आवाज आला आणि मग नुसता श्वास. तिनं नेहमीप्रमाणे नाव, जन्मतारीख विचारली. त्यानं सांगितलं, पण प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा.

"ताराबाय येतत तेवा तुमी खोलीत आसतास?"

"आसतंय."

"बोलतास?"

"नाय."

"कित्याक?"

जिन्यावरून कुणाची तरी पावलं वर गेली. ती लांब गेल्यावर तो बोलला.

"रूपेशाक बोलाचा आसता. बापूस गेलो तेचो, जावक गावला नाय. इतक्या माणसांत रडाक लाज वाटता तेका. माझ्या नावान बाई येता, तेवा रडता."

"आणि तुमी?"

"मी आयकतंय."

"मगे तुमका काय तेचा?"

हा प्रश्न तिनं विचारायचा नव्हता. कोड लावणाऱ्यानं विचारायचा नसतोच. पण गेला.

"ती येवन गेली की मी जेवतंय," शत्रुघ्न म्हणाला. "ह्या आजारात मोडता काय, माका म्हायत नाय."

सरोजिनीलाही म्हायत नव्हतं. रडला एक, जेवला दुसरा. इलाज किसका हुआ? तिनं फोन ठेवला आणि स्वरा मागे येऊन "मम्मा, हू वॉज दॅट?" विचारेपर्यंत तशीच बसून राहिली.

रविवारी दवाखाना उघडताच तिनं विमा कंपनीला खरं तेच लिहिलं. पेशंट प्रत्येक भेटीला हजर होता, बोलणं सोबत्यानं केलं, पेशंटचं जेवण सुधारलं. झहूरनं वाचून भुवया उंचावल्या, पण सही केली. उत्तर आलं, उरलेल्या भेटी मंजूर. मात्र यापुढे भेटीच्या वेळी खोलीत पेशंटखेरीज कोणी नको.

पुढच्या भेटीचा कागद आला तेव्हा त्यात कुठेही गोंधळ नव्हता. एक खोली, एक पेशंट, एक समुपदेशक. पेशंट पूर्ण वेळ गप्प. दावा न अडता पास झाला. "देखा? साफ़ काम," झहूर म्हणाला. सरोजिनीनं 'पूर्ण वेळ गप्प' ही ओळ पुन्हा एकदा वाचली.

त्याच संध्याकाळी रूपेशचा फोन आला. नंबर त्यानं जपून ठेवला होता.

"बाय, आमका भायर घातल्यानी. आमी जिन्यार, तो आतमदी. तासभर भिंतीकडे बघीत बसलो. काल रातपासना ताटाक हात लावणा नाय."

"अरे देवा. मगे?"

"मगे काय, मी म्हटलंय, माझ्या नावान भेट मागवलंय तर? विम्याचा कार्ड माझ्याकडेय आसा. मी बोलतंय, तो बसात आयकत."

सरोजिनीला हे सुचलंच नव्हतं. "मागवूक येता की!"

"येता. पण माझो करार संपाक इलो. माझ्या नावार मनाचो आजार लागलो, तर कंपनीक कळतला काय?"

"उद्या विचारून सांगतंय," ती म्हणाली.

सकाळी तिनं झहूरला विचारलं. "क़ायदे से तो नहीं," तो म्हणाला.

"और वैसे?"

झहूरनं दाढी खाजवली. "वैसे... मुझे भी नहीं मालूम."

हजारो माणसांच्या मनातलं तिनं आकड्यांत घालून धाडलं होतं, आणि पलीकडे ते कोण कोण उघडून बघतं, हे दवाखान्यात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. रूपेशला काय सांगावं? कंपनीला कळणार नाही म्हणावं तर खोटं, भेट नको म्हणावं तर जिन्यावरचा तो श्वास कानात. संध्याकाळी घरी पोचल्यावर तिनं त्याला फोन लावला आणि होतं तेच सांगितलं.

"नियमान कळूचा नाय. पण छातीर हात ठेवन मी सांगूक शकणंय नाय."

"हम्म." पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणाची तरी खोकल्याची उबळ. "माझ्या भेटीक तो खोलीत बसलो तर चलात?"

"तुमची भेट. तुमी कोणाक वांगडा बसवतास ता ताराबायक सांगा. ती अट तेच्या फाइलीर आसा, तुमच्या नाय."

हे सांगायचा आपल्याला अधिकार आहे का, हे बोलून झाल्यावर तिच्या मनात आलं.

"मगे लावा माझा नाव," रूपेश म्हणाला. "कराराचा काय ता बघूया." आणि फोन बंद न करताच मागे वळला. "बसाक गावता म्हणता रे तुका! उठ, हात धू आता. आमटी थंड झाली."

सरोजिनीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. खाट करकरली. नळ सुटला, बंद झाला. ताट सरकवल्याचा आवाज आला. कोणाचं, ते तिला कळलं नाही.